पावतीपुस्तक आणि पायडल

खानदेशातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या गावात पन्नाशी उलटलेल्या माणसाला विचारा, सात दिवस सायकल चालवणारा माणूस त्याने पाहिलेला असतो. शाळेचं मैदान नाहीतर बाजारपट्टी, मधोमध बांबू, बांबूला कर्णा आणि भोवती फक्कीने आखलेलं रिंगण. त्या रिंगणात तो रात्रंदिवस फिरत असायचा. अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, जेवणही सायकलवरच. संध्याकाळी गर्दी जमली की हँडल सोडून आरशात बघत भांग पाडायचा, चालत्या सायकलवरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायचा. लोक त्याच्या शर्टाला रुपया-दोन रुपयांच्या नोटा टाचणीने लावत आणि कर्ण्यावरून लगेच पुकारा होई, अमुक शेठजींकडून अकरा रुपये! सातव्या दिवशी हारतुरे, गावातून मिरवणूक आणि तो पुढच्या गावाला.

त्याला कोणी समाजसेवक म्हटलं नाही. तो पोटासाठी फिरत होता आणि ते लपवतही नव्हता. पण एकाने सायकल चालवायची आणि बघणाऱ्यांनी त्यापायी पैसे काढायचे, हा व्यवहार आपल्याकडे साहेबांकडून आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी या माणसाला आठवावं. हल्ली बदल इतकाच झालाय की नोटा चालवणाऱ्याच्या शर्टाला लागत नाहीत. त्या तिसऱ्याच कोणाकडे जातात आणि चालवणारा वर स्वतःच्या खिशातली भर घालतो.

मागच्या डिसेंबरात मी आणि माझा एक शाळूसोबती जळगावहून धुळ्याला सायकलने गेलो, ते या दुसऱ्या प्रकारात. सोबती एका बँकेत रोखपाल आहे. सगळे त्याला कॅशियरच म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोघांनाही सायकलीचा नाद करोनाच्या काळात लागला. मेहरूण तलावाला पहाटे चकरा, रविवारी फार तर पाळधीपर्यंत मजल. कोणासाठी म्हणून, पैसे गोळा करून, असं आधी कधी चालवलं नव्हतं.

कारण होतं सातपुड्याच्या पायथ्याची एक शाळा. तिथल्या मुख्याध्यापिका कॅशियरच्या नात्यातल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाड्यावरच्या मुली सातवीपर्यंत गावात शिकतात, आठवीला शाळा लांब पडते, आणि मग एक दिवस पाऊस, एक दिवस कापूस वेचणी, एक दिवस घरात धाकटं आजारी, असं करत दिवाळीनंतर बाकावरून नावच नाहीसं होतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, लांबच्या मुलींसाठी निळ्या बसही आहेत. पण सायकलीसाठी घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत लागतं, आणि बस धावते ती डांबरी रस्त्यावरून. पाचाच्या पुढे पण डांबरापासून आत, अशा फटीत काही पाडे सापडतात. आम्हाला सायकली द्यायच्या होत्या त्या तिथल्या मुलींना.

सायकलीने मुलगी शाळेत टिकते का, हा प्रश्न भाबडा नाही आणि त्याचं उत्तरही आता भावनेवर सोडायची गरज नाही. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्या योजनेचा हिशोब मांडला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. वाढ जास्त दिसली ती शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. घोळक्याने सायकलीवर जाणाऱ्या मुली रस्त्यावर रोज दिसायला लागल्या की गावाची नजरही सरावते, असं त्यांनी नोंदवलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी हा अभ्यास वाचलेला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘एकटीला सायकल दिली तर ती चार दिवसांनी भाऊ चालवतो. पाच जणींना द्या.’

पैसे कसे उभे करायचे यावर कॅशियरने एक तक्ता केला. परदेशात अशा स्वारीला किलोमीटरमागे अमुक इतके, असं वचन घेतात. जळगाव ते धुळे नव्वदच्या वर किलोमीटर, किलोमीटरला दहा रुपये धरले तर माणशी नऊशे. तक्ता देखणा होता. तो घेऊन आम्ही ओळखीच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्ही एरंडोलला थकून बसले तर मी तीनशेच द्यायचे? आन् त्या पोरींचं काय? तुमच्या पायांवर त्यांची सायकल कशाला ठेवता भो?’

किलोमीटरचा हिशोब तिथेच संपला. आपल्याकडे वर्गणी माहीत आहे. गणपतीची, सप्ताहाची, भंडाऱ्याची, आणि वर्गणीला पावती लागते. कॅशियरने दुसऱ्याच दिवशी पावतीपुस्तकं छापून आणली, क्रमांक टाकून, स्थळप्रतीसह. व्यापाऱ्याने पहिली पावती फाडली आणि सल्ला दिला की यष्टीने जा, भाडं मी देतो, वाचलेल्या वेळात आणखी चार दुकानं फिरा.

हा सल्ला मला बरेच दिवस टोचत राहिला, कारण तो बिनतोड होता. मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या तरुणाने, आई कर्करोगाने गेल्यावर काही वर्षांनी, १९८० मध्ये ३६ जणांना घेऊन राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल चालवली आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमवले. ती पॅन-मास चॅलेंज आजही दरवर्षी होते आणि आतापर्यंत तिने शंभर कोटी डॉलरचा आकडा ओलांडला आहे. तिथला नियम बघा. स्वाराने किमान इतकी रक्कम उभी करीन असं आधीच कबूल करायचं, कमी पडली तर पदरची घालायची. म्हणजे चाक हलण्याआधी पैसा ठरलेला असतो. मग चाक हलवायचं कशाला?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, एक भूलतज्ज्ञ आणि एक दंतवैद्य, २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली. पॅसिफिकच्या काठावरच्या ओशनसाइडपासून अटलांटिककडच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ, आणि संघाच्या नावातच आदिवासींच्या दृष्टीचं काम गुंफलेलं होतं. दोघं आळीपाळीने चालवत. एक सायकलवर, दुसरा गाडीत पाठ टेकलेला, असं दिवस-रात्र. त्यानंतर नाशिकमध्ये सायकलींची दुकानं कशी वाढली हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. जळगाव-धुळ्याकडेही ते लोण आलं. पण आमच्यासारख्यांना त्यांच्यातलं घेण्यासारखं काही असेल तर वेग किंवा दम नाही, ते दोघं असणं. एकटा माणूस कोणाच्याही दारात उभा राहून आपल्या उद्योगाचं कौतुक सांगू लागला की हास्यास्पद दिसतो. दोघं असले की एक सांगतो आणि दुसरा त्याला अडवतो, म्हणून ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. आमच्यात अडवायचं काम कॅशियरकडे होतं.

निघालो ते अंधार असतानाच. डिसेंबरात खानदेशात पहाटे बोटं ब्रेकवर आखडतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांनी भाजणारा हाच मुलूख, हे तेव्हा खरं वाटत नाही. बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागला. पुलाअलीकडे शहर, पलीकडे विद्यापीठाच्या टेकडीवरचे दिवे. बहिणाबाईंचं नाव मिळालेल्या या विद्यापीठात आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं-मुली शिकायला येतात. त्यांच्यातले कितीतरी जण आधी पायी, मग सायकल, मग एसटी अशाच वाटेने इथवर आलेले असतात.

हा महामार्ग सुरतेहून निघून नागपूर-रायपूरकडे जाणारा. जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. तरसोद ते फागणे हा टप्पा चौपदरी व्हायला किती वर्षं लागली आणि तेवढ्या काळात त्याने किती बळी घेतले, यावर जळगावकर तासभर बोलू शकतो. आता तिथे कडेला पांढरी पट्टी आहे आणि पट्टीच्या बाहेर सायकलीला पुरेल इतकी जागा. त्या जागेतून उलट्या दिशेने मोटारसायकली येतात हा भाग निराळा. घाट नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, धुळं अडीचशेच्या आसपास, म्हणजे नकाशावर सपाटच. सायकलवर मात्र प्रत्येक नाल्याला एक उतार आणि त्याची लगेच परतफेड असते. पिंपळकोठ्यापर्यंत वारा पाठीशी होता. पावसाळ्यात याच रस्त्याने पश्चिमेकडे जायचं म्हणजे तोंडावर वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं रान उगाच नाही उभं राहिलेलं.

एरंडोलला चहा-पोहे. कॅशियरने गादीची काळी तंग चड्डी घातली होती आणि तीवर, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून, मुलाची खाकी हाफपँट. टपरीवाल्याने त्याला वरून खाली न्याहाळलं आणि चहाचे पैसे आधी मागितले. मी खिशातून केळी काढली. जगभरचे सायकलस्वार ज्याच्यावर मैल कापतात ते फळ आमच्याकडे रस्त्याच्या दुतर्फा उभं असतं, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि तरी कॅशियरने त्या दिवसासाठी मुंबईहून चमचमत्या वेष्टनातल्या पौष्टिक वड्या मागवल्या होत्या. त्यातली एक त्याने टपरीवाल्याला दिली. तो म्हणाला, चिक्कीच आहे.

एरंडोलपासून पारोळ्यापर्यंतचा रस्ता कापसाचा. ट्रॉल्या इतक्या काठोकाठ भरलेल्या की कडेच्या बाभळी त्यांना ओरबाडतात, आणि फांद्याफांद्यांना पांढरे पुंजके लोंबत राहतात. बाभळीचा दुसरा प्रसाद आम्हाला पारोळ्याच्या अलीकडे मिळाला. माझं मागचं चाक बसलं.

ढाब्याशेजारी पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या टायरींचा ढीग, पुढे लोखंडी परात, परातीत काळं पाणी. दुकानदार चाचा साठीचे असावेत. त्यांनी ट्यूब फुगवून परातीतून इंचाइंचाने फिरवली, बुडबुडा उठला तिथे काडीने खूण केली, जागा कोरडी करून कानशीने खरवडली, सोल्यूशन लावून फुंकर घातली, ठिगळ ठेवून हातोडीने हलकेच ठोकलं. मग, आम्ही निघायची घाई करत असताना, टायरच्या आतून अंगठा फिरवायला लागले. दुसऱ्या फेरीत थांबले आणि चिमट्याने मोडक्या काट्याचं नख काढून तळहातावर ठेवलं. ‘हे राहिलं असतं तर फागण्याला पुन्हा बसला असता.’

हवा भरायची वेळ आली तेव्हा पंचाईत. महागड्या सायकलीचा वाल बारीक, फ्रेंच पद्धतीचा. चाचांच्या कॉम्प्रेसरची तोटी त्यावर बसेना, आणि आमचा छोटा पंप जोर लावूनही अर्धाच दाब देई. चाचांनी वालवरचं प्लॅस्टिकचं टोपण मागितलं, ब्लेडने त्याचं टोक छाटलं, वालची गुंडी सैल करून टोपण उलटं फिरवून बसवलं आणि त्यावर तोटी लावली. हवा गेली. आमच्या सायकलींची किंमत त्यांच्या सगळ्या दुकानाइतकी असेल, आणि ती चालू झाली पैशाच्या टोपणावर.

कुठे निघालात, त्यांनी विचारलं. कॅशियरने पावतीपुस्तक काढलं, सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं, पंक्चरचे ठरलेले पैसे चोख घेतले आणि म्हणाले, ‘पोरींना सायकल देताय ते ठीक. पंप देताय का? पाड्यावर हवा कोण भरणार? माझ्याकडे येतील का त्या?’

कॅशियरने माझ्याकडे पाहिलं. तक्त्यात पंपाचा रकाना नव्हता.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला. बोरी नदी ओलांडली, आणि त्यानंतरचा पट्टा नुसता सोसायचा होता. ऊन चढलं, वारा पडला, बैठक बधिर झाली, बोलणं थांबलं. मुकटीजवळ बांधावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, ‘कथा जाई राह्यनात भाऊ?’ धुळे, म्हटलं. ‘यष्टी नही भेटनी का?’ जळगावच्या कापूस व्यापाऱ्याचाच प्रश्न, अहिराणीत.

यावेळी माझ्याकडे उत्तर होतं, निदान अर्धं. ते मला धुळ्यातल्या तुरुंगामुळे सुचलं होतं. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी, विनोबांनी धुळ्याच्या कारागृहात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीपासून पायी फिरत जमीन मागायला सुरुवात केली आणि तेरा वर्षं ते मागत राहिले. चाळीस लाख एकरांहून जास्त दान जाहीर झालं. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वादात अडकली, वाटप झालं ते त्याहून बरंच कमी. तरी प्रश्न उरतो की ते आगगाडीने का नाही गेले. पायी आलेल्या माणसाला गाव रात्रभर ठेवून घेतं आणि पाहुण्याचं ऐकून घ्यावं लागतं. मोटारीतून आलेल्याला दारातूनच वाटेला लावता येतं. बाबा आमट्यांनीही १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ काढलं तेव्हा शंभरावर तरुण-तरुणींना सायकलीवर बसवलं, ते याचसाठी असणार. तो निधीचा प्रवास नव्हता, पण युक्ती तीच.

आमची स्वारी त्या पंगतीत बसवायचा माझा अजिबात विचार नाही. दोन सुखवस्तू माणसांनी एक दिवस घाम गाळला, संध्याकाळी परतीच्या टेम्पोत सायकली टाकल्या आणि वाटेत शेवभाजीवर ताव मारला. पण मागताना लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून आपण मागत नाही, हे माझ्या वर्गातल्या लोकांचं दुखणं आहे. महिनाभर ‘धुळ्याला सायकलने चाललोय’ एवढं वाक्य पुढे केलं की समोरचा हसायचा, वेड्यात काढायचा, आणि हसता हसता पावती फाडायचा. पैसे पायडलमुळे आले नाहीत. ते मागितल्यामुळे आले, आणि मागायला तोंड पायडलने दिलं. म्हणून स्वारीच्या दिवसाच्या फोटोंना आपण जे महत्त्व देतो ते मला आता चुकीचं वाटतं. निम्म्याहून अधिक काम आधीच्या महिन्यात झालेलं असतं आणि उरलेलं नंतर व्हायचं असतं.

धुळ्यात पाचकंदिलाजवळ कॅशियरच्या मेहुण्यांनी हार आणले होते. हार घालून फोटो झाला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर तासाभरात आणखी काही पावत्या फाटल्या, हे कबूल करायला हवं. त्याच रात्री कॅशियरने पूर्ण हिशोब टाकला. पावती क्रमांकासह, कोणाचे किती, न आलेली वचनं वेगळ्या रकान्यात. त्या रकान्यात एका माजी नगरसेवकाचं नाव होतं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामा झाला. सात दिवसवाल्याच्या कर्ण्याला मान्य होती ती गोष्ट इथेही लागू पडली, दिलेला आकडा चारचौघांत उच्चारला गेला की माणूस तो पुरा करतो.

सायकली विसाच्या घरात झाल्या. त्यातल्या दोन कमी करून त्या पैशांत पंप, ठिगळं, सोल्यूशन, पाने आणि सुट्या ट्यूबा घेतल्या. यावरून दात्यांमध्ये नाराजी झाली. सायकलीवर नाव घालता येतं, ठिगळाच्या डबीवर येत नाही. जानेवारीत सायकली पोचवायला गेलो तेव्हा पंक्चरचा एक जुना जाणता कारागीर सोबत नेला आणि त्याने शाळेच्या ओट्यावर पाच मुलींना ट्यूब काढायला, बुडबुडा शोधायला, ठिगळ ठोकायला शिकवलं. टायरमधून अंगठा फिरवायचं मात्र मीच त्याला आठवून दिलं. पाच जणींतली एक डावखुरी, तिने सगळ्यांत आधी चाक परत बसवलं. बाईंनी तिच्याकडे पंपाची किल्ली दिली. पंप शाळेच्या कपाटात राहतो आणि वहीत नोंद करून मिळतो. मार्चअखेर बाईंचा निरोप आला, दोन सायकली बंद आहेत, एकीचा फ्रीव्हील गेलाय, एक भावाने बाजारात नेली ती आठवडाभर आली नव्हती. बाकीच्या चालू आहेत आणि त्या मुलींची हजेरी लागते आहे.

हिवाळा आता तोंडावर आहे. जळगाव, धुळे, नाशिक, कुठेही असा, तंग चड्डीतलं कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारात येईल. त्याला हसा, आमचीही हरकत नव्हती. पण पावती फाडण्याआधी विचारा की सायकलीबरोबर पंप आहे का, ठिगळ लावायला कोण शिकवणार आणि हिशोब कधी मिळणार. उत्तर गुळमुळीत आलं तर सायकलीचे पैसे देऊ नका, पंपाचे द्या.